एमएलबी द शो: सुरुवातीची चांगली कार्डं कमी वेळात कशी मिळवायची

एमएलबी द शो या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममधली डायमंड डायनेस्टी, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा मोड, पहिल्यांदा उघडली की पडद्यावर इतक्या खिडक्या एकदम अंगावर येतात की नवा माणूस गांगरतो आणि हाताला लागेल ते दाबत सुटतो. हाताला बहुतेक वेळा पॅकचं, म्हणजे कार्डांच्या बंद पाकिटांचं, दुकान लागतं. सुरुवातीला मिळालेले स्टब्स, म्हणजे गेममधलं चलन, पाच मिनिटांत उडतात, पदरात पडतात हलक्या दर्जाची चार ब्रॉंझ कार्डं आणि एखादं सिल्व्हर, आणि मग असं वाटायला लागतं की खिशातले पैसे ओतल्याशिवाय या गेममध्ये काही खरं नाही. तसं अजिबात नाही. स्पोर्ट्स गेममधल्या कार्डांच्या खेळांत फुकट मिळणारं बक्षीस इतकं उदारपणे देणारे फार थोडे आहेत, आणि हा त्यातला एक. फक्त ते कुठे ठेवलंय आणि कुठल्या क्रमाने उचलायचं हे माहीत हवं.

सॅन दिएगो स्टुडिओचा हा गेम २००६ पासून दरवर्षी येतो. बरीच वर्षं तो फक्त प्लेस्टेशनवर होता. २०२१ मध्ये एक्सबॉक्सवर आणि २०२२ मध्ये स्विचवर आला, तेव्हापासून नव्या खेळाडूंची भर वाढली. दर आवृत्तीत प्रोग्रॅमची (कामं करत बक्षिसं मिळवायच्या मालिकांची) नावं आणि कार्डांचे आकडे बदलतात, एखादा मोड जातो, एखादा येतो. सांगाडा मात्र तोच राहतो, म्हणून खाली जे लिहिलंय ते एका विशिष्ट वर्षापुरतं नाही. माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: खेळलेला प्रत्येक सामना एकाच वेळी तीन-चार ठिकाणी मोजला जाईल अशी व्यवस्था आधी लावा, आणि मगच खेळायला बसा.

आधी कार्ड वाचायला शिका

कार्डाच्या कोपऱ्यातला मोठा आकडा म्हणजे ओव्हरऑल. ६५ च्या खाली कॉमन, ६५ ते ७४ ब्रॉंझ, ७५ ते ७९ सिल्व्हर, ८० ते ८४ गोल्ड आणि ८५ पासून वर डायमंड. एवढं कळलं की अर्धे लोक इथेच थांबतात आणि 'बेस्ट लाइनअप' चं, म्हणजे संघ आपोआप लावणारं, बटण दाबून मोकळे होतात. जरा थांबा आणि कार्ड उलटून आतले आकडे बघा.

कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लावणं) आणि पॉवर (फटक्याचा जोर) हे दोन्ही आकडे दोनदा लिहिलेले असतात: एकदा उजव्या हाताच्या पिचरविरुद्ध, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याविरुद्ध, एकदा डावऱ्या पिचरविरुद्ध. समजा एका गोल्ड बॅटरची उजव्या पिचरविरुद्धची पॉवर ९२ आहे आणि डावऱ्याविरुद्ध ५५. त्याचा ओव्हरऑल ८१ दिसेल. शेजारी ८५ चं डायमंड आहे, पण त्याचे गुण भरलेत फिल्डिंग आणि थ्रोच्या आकड्यांनी, पॉवर दोन्हीकडे साठच्या आसपास. कॉम्प्युटरविरुद्ध तीन डावांचे सामने झपाट्याने मारायचे असतील तर उजव्या पिचरसमोर पहिला बॅटर तुम्हाला कितीतरी जास्त मिळवून देईल. समोर बहुतेक वेळा उजवाच पिचर येतो, म्हणून उजव्याविरुद्धचा आकडा आधी बघायची सवय लावून घ्या. डावऱ्यांसाठी बेंचवर एक-दोन उजव्या हाताचे बॅटर ठेवले की काम भागतं.

दुसरी गोष्ट कार्डाच्या जातीची. लाइव्ह सीरिज कार्ड म्हणजे चालू हंगामातल्या खऱ्या खेळाडूचं, आणि खऱ्या मैदानावर तो कसा खेळतो त्यावर त्याचे आकडे वर-खाली होतात. बाकीची कार्डं म्हणजे जुने दिग्गज, गाजलेला एखादा हंगाम, खास प्रोग्रॅमची बक्षिसं. यांचे आकडे ठरलेले. प्रोग्रॅममधून कमावलेली बरीच कार्डं 'नो सेल' असतात, म्हणजे बाजारात विकता येत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जे विकता येत नाही ते खेळवायचं आणि जे विकता येतं ते सुरुवातीला विकायचं, इतका साधा हिशेब आहे.

पहिली पायरी: मिळालेले पॅक उघडा, विकत एकही घेऊ नका

ट्युटोरियल पूर्ण केलं, मोड पहिल्यांदा उघडला, रोज लॉग इन केलं की थोडे पॅक आणि स्टब्स मिळतात. ते घ्या, पॅक उघडा. साधा पॅक दुकानात १,५०० स्टब्सला असतो आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या कार्डांची किंमत बहुतेक वेळा त्याच्या जवळपासही जात नाही. अधूनमधून कुणाला तरी मोठा डायमंड लागतो आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो; ज्यांना लागला नाही ते व्हिडिओ टाकत नाहीत.

चॉइस पॅक, म्हणजे दाखवलेल्या कार्डांतून निवडायचा पॅक, आला तर नियम सोपा. त्यातली कार्डं विकता येणारी असतील तर बाजारात ज्याला सर्वांत जास्त भाव आहे ते घ्या, आवडत्या संघाचं नव्हे. नो सेल असतील तर तुमच्या लाइनअपमध्ये जी जागा सर्वांत कमजोर आहे तिथलं घ्या. कॅचर आणि शॉर्टस्टॉप या जागांवर चांगला बॅटर सुरुवातीला सहज मिळत नाही, तेव्हा पर्याय सारखेच वाटले तर तिकडे झुका.

गेम नवा बाजारात आला असेल आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात सुरुवात करत असाल तर पॅकमधून निघालेलं मोठं कार्ड त्याच दिवशी विका. त्या दिवसांत कार्डं कमी आणि घेणारे फार, त्यामुळे भाव चढलेला असतो. लोक पॅक उघडत जातात, पुरवठा वाढतो, भाव उतरतो. ओहतानी किंवा जजसारखा बडा खेळाडू पहिल्याच पॅकमध्ये निघाला तर मनाला पटणार नाही, कळतं. पण त्या एका कार्डाच्या पैशात आख्खी लाइनअप उभी राहते आणि तेच कार्ड पुढे स्वस्तात परत घेता येतं.

दुसरी पायरी: स्टोरीलाइन्स आणि मोमेंट्स

नवख्याने सगळ्यात आधी इथे यावं. लाइनअप भंगार असली तरी इथे फरक पडत नाही, कारण मोमेंटमध्ये खेळाडू गेमच देतो. 'अमक्याच्या जागी उभे राहून एक हिट मारा', 'तमक्या पिचरने दोन बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करा', अशी दोन-पाच मिनिटांची कामं असतात. जमलं नाही तर लगेच पुन्हा सुरू करायचं. मोमेंटची अट पुन्हापुन्हा फसत असेल तर ती बाजूला ठेवून पुढची घ्या. बहुतेक प्रोग्रॅममध्ये शेवटपर्यंत पोचायला लागतात त्यापेक्षा जास्त गुण उपलब्ध असतात, म्हणजे सगळी कामं करण्याची सक्ती नसते. एकाच होम रनसाठी तासभर डोकं फोडणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

स्टोरीलाइन्सबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवे खेळाडू 'हा इतिहासाचा भाग दिसतोय, नंतर बघू' म्हणून तो सोडून देतात आणि सुरुवातीचे उत्तम डायमंड तिथेच पडून राहतात. २०२३ च्या आवृत्तीत कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग्स बेसबॉल म्युझियमच्या मदतीने हा भाग सुरू झाला. अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती त्या काळात त्यांनी स्वतःच्या लीग चालवल्या, त्यांची ही गोष्ट. पहिल्या हंगामात सॅचेल पेज, जॅकी रॉबिन्सन, बक ओनील, रूब फॉस्टर यांच्यासह आठ जण होते. पुढच्या वर्षी जॉश गिब्सन, बक लेनर्ड, हँक आरन आणि टोनी स्टोन आले. प्रत्येक भागाआधी म्युझियमचे अध्यक्ष बॉब केंड्रिक गोष्ट सांगतात, मग ती घटना तुम्ही खेळता, आणि शेवटी त्या खेळाडूचं कार्ड तुमच्या संग्रहात येतं. बटण दाबून गोष्ट वगळता येते. तरी पेजची ऐकाच. मेजर लीगमध्ये त्याला पहिल्यांदा उभं केलं ते १९४८ मध्ये, क्लीव्हलंडकडून, वयाच्या ४२ व्या वर्षी. ती गोष्ट ऐकल्यावर त्याचं कार्ड हातात घेऊन पिचिंग करायला वेगळीच मजा येते.

हे सगळं ऑफलाइन आणि बऱ्याच अंशी सोप्या पातळीवर होतं. इथून निघताना दोन-तीन चांगले पिचर आणि तितकेच बॅटर हाताशी असतील. पुढच्या पायरीला तेवढं भांडवल पुरतं.

तिसरी पायरी: लाइनअप कामाच्या हिशेबाने लावा

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तुमच्या कार्डाने मैदानात काहीही चांगलं केलं, हिट मारला, होम रन ठोकला, स्ट्राइकआउट काढला, की त्याला पॅरलल एक्सपी, म्हणजे त्या कार्डाचे अनुभवाचे गुण, मिळतात. सगळे त्याला पीएक्सपी म्हणतात. पीएक्सपीचे दोन उपयोग आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. कार्ड स्वतः पाच पायऱ्यांपर्यंत चढतं आणि प्रत्येक पायरीला त्याचे आकडे थोडे वाढतात. प्रोग्रॅममधली 'अमुक प्रकारच्या खेळाडूंनी इतके पीएक्सपी मिळवा' ही मिशन, म्हणजे नेमून दिलेली कामं, त्यातूनच भरतात. शिवाय सामना खेळल्याबद्दल मुख्य रिवॉर्ड पाथचे (बक्षिसांच्या मुख्य मालिकेचे) साधे एक्सपी वेगळे मिळतात ते आहेतच.

सुरुवातीच्या चांगल्या कार्डांची खरी खाण म्हणजे टीम अफिनिटी हा संघवार प्रोग्रॅम. मेजर लीगचे ३० संघ, अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीग, प्रत्येकीत ईस्ट, सेंट्रल, वेस्ट असे तीन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ. प्रत्येक संघाची स्वतःची बक्षिसं असतात आणि ती मिळवायची कामं बहुधा संघाच्या किंवा डिव्हिजनच्या खेळाडूंवर बेतलेली असतात. नवखा माणूस आपला आवडता संघ घेऊन बसतो किंवा तीसच्या तीस संघांत एकेक टक्का प्रगती करत राहतो. दोन्हीत वेळ जातो.

त्याऐवजी एकच डिव्हिजन निवडा. उदाहरण म्हणून नॅशनल लीग वेस्ट घ्या: डॉजर्स, जायंट्स, पाड्रेस, डायमंडबॅक्स आणि रॉकीज. नऊच्या नऊ बॅटर या पाच संघांचे लावा. डायमंड नसतील तर गोल्ड, तेही नसतील तर सिल्व्हर. बाजारात सिल्व्हर कार्डं अगदी किरकोळ स्टब्समध्ये मिळतात आणि खालच्या पातळीच्या कॉम्प्युटरविरुद्ध ती मस्त चालतात. पाचही स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, त्याच डिव्हिजनचे ठेवा. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, मात्र दुसरा हिशेब चालतो: तिथे स्टोरीलाइन्समधले किंवा ज्या दुसऱ्या प्रोग्रॅमचं पिचिंगचं मिशन अर्धवट आहे त्यातले पिचर भरा. तीन डावांच्या सामन्यात पहिला डाव स्टार्टरने टाकायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या डावात बुलपेनमधले एकेक काढायचे. एकाच सामन्यात डिव्हिजनची मिशन, बुलपेनची मिशन, कार्डांच्या पायऱ्या आणि मुख्य पाथ, चारही पुढे सरकतात.

नॅशनल लीग वेस्टचं नाव उगाच घेतलं नाही. रॉकीजचं मैदान, डेनव्हरचं कूर्स फील्ड, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे. वरच्या मजल्यावर जांभळ्या खुर्च्यांची एक रांग आहे, ती बरोबर एक मैलाची उंची दाखवते. हवा विरळ असल्याने तिथे चेंडू लांब जातो आणि गेममध्येही ते धरलेलं आहे. स्टेडियमचं कार्ड घेऊन ते तुमचं घरचं मैदान करून टाका. घरच्या मैदानावर सामना असेल तेव्हा इतर ठिकाणी कुंपणाजवळ झेल झाला असता असा चेंडू पलीकडे जाऊन पडतो, आणि होम रनला साध्या हिटपेक्षा जास्त पीएक्सपी असतात.

२०२३ पासून कॅप्टन कार्डं आली आहेत. ठरावीक प्रकारचे पुरेसे खेळाडू लाइनअपमध्ये असले की कॅप्टन सगळ्यांचे काही आकडे वाढवतो. एकाच डिव्हिजनची लाइनअप लावताना तिच्याशी जुळणारा कॅप्टन मिळतोय का हे एकदा बघून घ्या; मिळाला तर सिल्व्हर कार्डंसुद्धा गोल्डसारखी वागतात.

प्रोग्रॅमचं पान उघडलंत की मिशनची यादी नीट वाचा. काही मिशनमध्ये कुठल्याही मोडमधली कामगिरी चालते, काहींत फक्त एखाद्याच मोडमधली. 'ऑनलाइन' असा शब्द असेल तर ते काम आत्ता सोडा. प्रोग्रॅमला मुदत असेल तर ती तिथेच दिसते. कमी दिवस उरलेला प्रोग्रॅम आधी.

चौथी पायरी: कॉन्क्वेस्ट

वर लावलेली लाइनअप घेऊन जायचं ते इथे. कॉन्क्वेस्ट म्हणजे षटकोनी घरांचा नकाशा. प्रत्येक घरात चाहत्यांची संख्या असते, प्रत्येक संघाचा एक बालेकिल्ला असतो, आणि तुम्ही घरं जिंकत पुढे जायचं. दर खेपेला हल्ला, चाहते पळवणं आणि आपल्या घरांना कुमक देणं, अशी आवर्तनं चालतात. काही घरांखाली पॅक आणि स्टब्स लपवलेले असतात. सामने तीन डावांचे, कॉम्प्युटरविरुद्ध.

दोन गोष्टी कळल्या की नकाशा भराभर सरकतो. पहिली: प्रत्येक घरासाठी सामना खेळायची गरज नसते. समोरच्या घरापेक्षा तुमच्या घरात चाहते बरेच जास्त असतील तर सिम्युलेट करा, काही सेकंदांत घर ताब्यात. सामने खेळायचे ते बालेकिल्ल्यासाठी आणि चाहते पळवण्यासाठी. दुसरी: कुमक सगळ्या घरांत वाटून टाकू नका. ज्या एका घरातून पुढच्या बालेकिल्ल्यावर जायचं आहे तिथे ती एकवटा, कारण समोरच्यापेक्षा तुमचे चाहते जितके जास्त तितकी बालेकिल्ल्यावरच्या सामन्याची पातळी उतरते. चाहते पळवताना पातळी तुम्हीच निवडता; अवघड पातळीला जास्त चाहते मिळतात हे खरं, पण हात बसेपर्यंत रूकी किंवा व्हेटरन या सोप्या पातळ्यांवरच राहा. जिंकलेला सोपा सामना हरलेल्या अवघड सामन्यापेक्षा केव्हाही बरा.

अमेरिकेचा मोठा नकाशा नेहमी सुरुवातीला असतो आणि त्यात लपलेले पॅक बरेच असतात. तो आधी घ्या. एखाद्या संघाचा किंवा प्रोग्रॅमचा छोटा नकाशा दिसला तर तोही घ्या, कारण तो पूर्ण केल्याचे गुण बऱ्याचदा थेट त्या प्रोग्रॅमला जातात.

वेळ वाचवायचा असेल तर सेटिंगमध्ये प्रेझेंटेशन 'फास्ट प्ले' वर टाका. बॅटर चालत येतो, हातमोजे घट्ट करतो, पिचर टोपी सावरतो, ही सगळी दृश्यं पहिल्या दिवशी छान वाटतात. नकाशाच्या मध्यावर पोचेपर्यंत त्यांनीच तुमचा निम्मा वेळ खाल्लेला असतो.

मध्येच थोडं बॅटिंग-पिचिंगबद्दल

क्रिकेट पाहून मोठं झालेल्याचा हात आलेल्या प्रत्येक चेंडूवर जातो. इथे तो आवरायला लागतो. स्ट्राइक झोनच्या बाहेरचे चार चेंडू सोडले की फुकटात पहिला बेस मिळतो, आणि तीन स्ट्राइक होईपर्यंत तुम्ही चांगल्या चेंडूची वाट बघू शकता. रूकीवर कॉम्प्युटरचा पिचर मधोमध चेंडू देतोच. पहिला बाहेरचा सोडा, दुसऱ्याला मारा.

बॅटिंगची पद्धत सुरुवातीला डायरेक्शनल किंवा टायमिंग ठेवली तर चालेल. त्यात फक्त वेळ साधायची असते. पण पुढे ऑनलाइन खेळायचं मनात असेल तर झोन पद्धत, जिच्यात चेंडू जिथे येणार तिथे निशाणा हलवावा लागतो, लवकर शिका. कॉन्क्वेस्टचे सोपे सामने हीच ती शिकायची जागा. पिचिंगला पिनपॉइंट सर्वांत अचूक, पण तिच्यात प्रत्येक चेंडूला बोटाने नक्षी काढावी लागते. नव्याने आलात तर मीटर पद्धत घ्या. वर जोराचा फास्टबॉल, मग खाली चेंजअप (तसाच दिसणारा पण संथ चेंडू), एवढ्या जोडीवर खालच्या पातळीचा कॉम्प्युटर बाद होत राहतो.

पातळी कधी वाढवायची? वरच्या पातळीला पीएक्सपी जास्त दराने मिळतात, म्हणून वाढवायची जरूर आहे. व्हेटरनवर सामने आरामात, मोठ्या फरकाने जिंकायला लागलात की ऑल-स्टार या पुढच्या पातळीवर जा. त्याआधी नको.

पाचवी पायरी: मिनी सीझन्स आणि डायमंड क्वेस्ट

मिनी सीझन्स २०२२ मध्ये आला. आठ संघांची छोटी लीग, तीन डावांचे सामने, वरचे चार संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत. इथली मिशन हंगामागणिक पुन्हा करता येतात, म्हणून कॉन्क्वेस्टचे नकाशे संपल्यावर हा मोड नियमित उत्पन्नाचा होतो. कूर्स फील्ड घरचं मैदान करण्याचा खरा फायदाही इथेच. प्लेऑफची जागा पक्की झाल्यावर उरलेल्या सामन्यांत हरण्या-जिंकण्याची चिंता सोडून ज्यांची मिशन बाकी आहेत ती कमजोर कार्डं खेळवून घ्या.

डायमंड क्वेस्ट २०२५ च्या आवृत्तीत आला. फासे टाकत पटावर फिरायचं, वाटेत छोटी आव्हानं, शेवटी एक मोठा सामना. नशिबाचा भाग जास्त आहे आणि मला तो मोड मनापासून आवडलाय असं नाही, पण सुरुवातीच्या काळात त्याच्या बक्षिसांत बाजारात चांगला भाव येणारी कार्डं असतात, तेव्हा एक-दोन फेऱ्या माराव्यात.

सहावी पायरी: बाजार

खेळून थकलात की बाजारात या. प्रत्येक कार्डाला दोन भाव दिसतात: आत्ता लगेच घ्यायचं तर किती आणि आत्ता लगेच विकायचं तर किती. नवखे लोक 'लगेच' च्या दोन बटणांवरच जगतात आणि दोन्ही वेळा मार खातात. तुम्ही ऑर्डर लावायची.

विक्रीवर गेम दहा टक्के कापून घेतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. समजा एका गोल्ड कार्डाचा लगेच घ्यायचा भाव २,००० आहे आणि लगेच विकायचा १,५००. तुम्ही १,५०१ ची खरेदीची ऑर्डर लावता. कार्ड आलं की १,९९९ ला विक्रीची ऑर्डर लावता. ते विकलं गेलं तर दहा टक्के कापून हातात १,७९९ येतात, म्हणजे २९८ स्टब्सचा नफा. आता दुसरं कार्ड घ्या: घ्यायचा भाव १,९५१, विकायचा १,७९९. ऑर्डर १,८०० ला लावली आणि १,९५० ला विकलं, तर हातात १,७५५ येतात. दीडशेचा फरक डोळ्यांना दिसत होता, प्रत्यक्षात ४५ गेले. कार्ड निवडताना हा दहा टक्क्यांचा खड्डा भरून वर किती उरतं तेवढंच बघायचं.

हाताशी स्टब्स कमी असतील तर मोठ्या कार्डांच्या नादी लागू नका. सिल्व्हर कार्डं घ्या. १२१ ला घेतलं आणि २४९ ला विकलं तर २२४ हातात येतात, म्हणजे एका कार्डामागे १०३. अशा दहा-पंधरा ऑर्डर एकाच वेळी लावून कॉन्क्वेस्टचा सामना खेळायला जा. परत याल तेव्हा निम्म्या तरी भरलेल्या असतील. एकाच कार्डाच्या वीस प्रती घेऊ नका. भाव पडला तर सगळ्या अंगावर येतात.

रोस्टर अपडेट हा याच बाजाराचा दुसरा मार्ग. लाइव्ह सीरिजचे आकडे हंगामभर ठरावीक काळाने बदलतात. गेल्या काही आवृत्त्यांत ८४ च्या गोल्डचा क्विक सेल, म्हणजे गेमला परत विकण्याचा ठरलेला भाव, १,५०० राहिलाय आणि ८५ च्या डायमंडचा ३,०००. खऱ्या मैदानावर फॉर्मात असलेला ८३-८४ चा खेळाडू क्विक सेलच्या आसपास मिळत असेल तर घेऊन ठेवण्यात धोका फार कमी. तो वर चढला तर चांगली कमाई. नाही चढला तर जवळपास तितकेच स्टब्स परत. त्यासाठी खरं बेसबॉल थोडं तरी बघावं लागतं.

कमावलेले स्टब्स कुठे घालायचे यावर मतं पुष्कळ आहेत. लाइव्ह सीरिजचं पूर्ण कलेक्शन, म्हणजे सगळ्या कार्डांचा संच, लावलं की फार मोठं बक्षीस मिळतं, आणि ते पाहून पहिल्याच आठवड्यात सगळे त्याच्या मागे धावतात. कलेक्शनमध्ये लावलेलं कार्ड पुन्हा विकता येत नाही. महाग डायमंड नंतर घ्या, तेव्हा भाव उतरलेले असतील. आत्ता फक्त स्वस्त संघ पूर्ण करा, ज्यांत एकही मोठा डायमंड नाही असे. त्यांच्या संघापुरत्या बक्षिसांतूनही पॅक आणि स्टब्स मिळतात.

तसंच, पॅकमध्ये नुकतंच आलेलं चकाचक कार्ड चढ्या भावात घेऊ नका. २०२३ आणि २०२४ मध्ये सेट आणि सीझनची पद्धत होती, ९९ ची कार्डं लवकर यायची आणि सीझन सरला की बहुतेक कार्डं बाजूला पडायची. २०२५ मध्ये ती पद्धत गेली आणि कार्डं पुन्हा खालून वर चढत जाऊ लागली. दोन्ही पद्धतींत आजचं सर्वोत्तम कार्ड महिन्याभरात साधं होतं.

ऑनलाइन कधी?

बॅटल रॉयल या ऑनलाइन मोडच्या प्रवेशाला बहुधा स्टब्स मोजावे लागतात आणि समोर मुरलेले खेळाडू असतात, तेव्हा ते आत्ता नको. इव्हेंट्सचे सामने तीन डावांचे आणि लाइनअपवर मर्यादा असलेले, त्यामुळे समोरच्याचं महागडं कार्ड तितकं टोचत नाही; ऑनलाइनची सुरुवात तिथून करा. रँक्डला, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांना, कॉम्प्युटरविरुद्ध ऑल-स्टार जमायला लागल्यावर जा.

ऑनलाइन पीएक्सपीचा दर ऑफलाइनपेक्षा चांगला असतो आणि हरलेल्या सामन्यातले हिट आणि स्ट्राइकआउटसुद्धा त्यात धरले जातात. म्हणून ऑनलाइन उतरतानाही लाइनअपमध्ये ज्यांची मिशन अर्धवट आहेत तीच कार्डं असू द्या, आणि पहिल्याच डावात सहा रन बसले तरी सामना सोडून पळू नका; बुलपेनमधल्या पिचरचे अजून दोन स्ट्राइकआउट बाकी असतील.